सुभेदाराचा घास

भाकरीचा पहिला तुकडा मोडून लांगरी स्वतः चावायचा, गिळायचा आणि मगच दुसरा कुत्र्यापुढे धरायचा. "आदी लांगरी, मंग सुभेदार. पलटणीचा कायदा हाय!"

कराडच्या गूळबाजारात माझं शिंप्याचं दुकान होतं, आणि समोरच्या वखारीवर हा राखणदार. पलटणीत आचारी होता, म्हणून सगळे त्याला लांगरीच म्हणायचे. साहेबाचं जेवण आधी आचाऱ्यानं चाखायचं, ही तिथली शिस्त तो बरोबर घेऊन आला होता. कुत्र्याचं नाव सुभेदार, आणि हा बहाद्दर रोज सकाळी त्याला कडक सलाम ठोकायचा! कुत्रंही असं वस्ताद, की लांगरीचं तोंड हलल्याशिवाय घासाला शिवायचं नाही.

सोमवारी लांगरीचा उपास असायचा. त्या दिवसाची सुभेदाराची भाकरी तो रविवारीच त्याच्यादेखत चाखून ठेवायचा.

महायुद्ध संपलं, पण रेशन काही संपेना. जोंधळा मिळायचा नाही, दोघंही वाळत चालले होते. तशात पेठेतल्या एका दुकानात कुत्र्यांच्या बिस्किटांचे डबे आले. वर गुबगुबीत कुत्र्याचं चित्र. "सीलबंद माल आहे, साहेबांची कुत्री हेच खातात," दुकानदार म्हणाला. लांगरी हरखून डबा घेऊन आला. नेमका सोमवार होता.

सुभेदारानं बिस्किट हुंगलं आणि लांगरीच्या तोंडाकडे बघत बसला.

"खा की रं. सायबाचा खाना हाय!"

छे! हलायला तयार नाही. शेवटी लांगरीनं बिस्किट ओठांपाशी नेलं आणि नुसतंच मचमच तोंड हलवलं. उपास मोडला नाही, आणि सुभेदारानं शेपूट हलवत सगळं फस्त केलं. आम्ही दोघं काय हसलो हो तेव्हा!

दुसऱ्या दिवशी सुभेदार तडफडून मेला. डबा नीट पाहिला तर झाकणाच्या कडेला कथलाचा नवा डाग दिलेला, म्हणजे सील आधीच कुणीतरी फोडलेलं. आतली बिस्किटं बुरसटलेली, पुसून वाळवून पुन्हा भरलेली.

"म्या नुसतं त्वांड हलिवलं, गड्या," लांगरी म्हणाला. "त्येला वाटलं, चाखलं." आणि एवढा दांडगा माणूस माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडला.

पुढच्या सोमवारी तो त्या दुकानात गेला. नवा डबा फोडला आणि भरल्या पेठेत बिस्किटं चावून गिळली. मग डबा पुढे केला.

"आता तुमी चाखा, मालक."

मालकाचं तोंड उतरलं. संध्याकाळपर्यंत त्यानं सगळे डबे फळीवरून हलवले. लांगरी मात्र ओकून ओकून आडवा झाला. उपास त्यानं कायमचा सोडला.

वखारवाल्यानं नवं पिल्लू आणलं. लांगरी त्याला कधी सलाम करायचा नाही, नावही ठेवलं नाही. आज तो नाही, वखारही नाही. पण अजून डोळ्यांपुढे येतं ते हेच: पिल्लापुढे उकिडवा बसलेला लांगरी, घास चावता चावता आ वासून त्याला दाखवणारा.

"बघ रं, बघ. खरंच खातुया."