पांढरीवरचं मडकं

आजही कोणी बिनदुधाचा चहा पुढे केला की एरंडोल तालुक्यातलं ते प्रकरण मला आठवतं. नावं सांगणार नाही. माणसं भली होती, एवढं पुरे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. गिरणाकाठच्या एका गावाबाहेर दगडाची खाण निघायची होती. तिथे एक टेकाड होतं. कुठल्या तरी जुन्या काळची वस्ती त्यात गाडली गेलेली, माती राखेसारखी, म्हणून लोक त्याला पांढरी म्हणत. खाणीला परवानगी देण्याआधी तिथे काही जुनंपुराणं आहे का, हे तपासायला पुरातत्त्व खात्याच्या एक बाई मजूर घेऊन आल्या होत्या. एका दुपारी त्या रडवेल्या होऊन माझ्या ठाण्यात आल्या.

"साहेब, मडकं चोरीला गेलं."

मी वैतागलोच. बाजारातल्या मारामारीचे जबाब चालू होते, दोन्ही पार्ट्या व्हरांड्यात अजून एकमेकांवर गुरगुरत होत्या. "बाई, मडक्यासाठी पोलीस?"

त्यांनी सगळं सांगितलं. मडकं हजारो वर्षांपूर्वीचं. आत तान्ह्या मुलाची हाडं. त्या काळी मूल गेलं की मडक्यात घालून घराच्या जमिनीतच पुरत असत. सकाळी माती मोकळी केली, सगळे झाडाखाली जेवायला बसले, परत येतात तर खड्डा रिकामा. फोटोही काढायचा राहिलेला. "सोमवारी वरिष्ठ पाहणीला येताहेत. मडकं दाखवलं तर टेकाड वाचेल. नाही तर 'काही आढळले नाही' असा शेरा पडेल आणि सुरुंग लागतील."

तक्रार अर्ज घेतला आणि हवालदाराला जीप काढायला लावली.

खबऱ्यानं खाणीच्या मुकादमाचं नाव दिलं. तो त्या दुपारी पांढरीभोवती घुटमळत होता म्हणे. मलाही पटलं, कारण मडकं नाहीसं झाल्यानं फायदा त्याचाच होता. ठाण्यात आणून बसवला, आवाज चढवला. माझा आवाज तेव्हा बाजारपेठेपर्यंत जायचा. मुकादम घामाघूम.

"साहेब, देवाशपथ! मला दगड पाहिजे, मडकं घेऊन काय करू? मी जागा बघायला गेलो होतो."

"कोण दिसलं तिथे?"

"कोणी नाही. पायथ्याची अक्का तेवढी हंडा घेऊन चालली होती."

मीही ते ऐकून सोडून दिलं. डोक्यावर हंडा घेतलेली बाई खेड्यात कोणाच्या नजरेत भरते? दुसऱ्या दिवशी गावात विचारपूस करत, ऊन लागलं म्हणून अक्काच्याच ओसरीवर टेकलो. साठी उलटलेली, एकटी राहणारी शेतकरीण. मोठ्या मायेनं म्हणाली, "च्या ल्या, भाऊ."

चहा आला तो काळा. दारात म्हैस उभी, नुकतीच पिळलेली, कासंडी पालथी घातलेली. खान्देशात दारात पाहुणा आला आणि घरात दूध नसलं, तर बाई शेजारून मागून आणेल, पण काळा चहा पुढे करणार नाही.

"अक्का, म्हैस आटली का?"

"नही, भाऊ."

"मग दूध कुठे गेलं?"

अक्का गप्प. हवालदार दरडावायला उठला, त्याला मी खाली बसवला. सराईत माणूस अशा वेळी पटकन काहीतरी ठोकून देतो. हिला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून गप्प होती. तिची नजर मात्र परसाकडे गेली.

परसात कडुनिंबाखाली माती ताजी उकरलेली होती. दुधानं ओली, मुंग्या लागलेल्या. शेजारी एक जुना, झिजलेला दगड. मुकादमाला दिसलेला हंडा म्हणजे ते मडकंच होतं, हे माझ्या लक्षात आलं. तिकडे लहान मूल गेलं तर जाळत नाहीत, पुरतात, आणि आई त्या जागी दूध ओतते.

"कोनं तरी पोर शे ते, भाऊ," अक्का म्हणाली. "उघडं कसं पडू देवू?"

"आणि हा दगड?"

"तो मना. एकलाच व्हता. आते जोडीदार भेटना."

त्या दगडाखाली तिचं स्वतःचं मूल होतं, त्याला आता सोबत मिळाली होती. हवालदारानं टोपी काढून हातात घेतली. पण सोमवार तोंडावर होता. मी तिथेच मातीत बसलो आणि सांगितलं, "अक्का, हे मडकं बाईंकडे गेलं नाही तर अख्खी पांढरी सुरुंगानं उडवतील."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "आखो पोरं शेतस का तठे?"

"बाई म्हणतात, तिथे आणखी पोरं असणार."

तिनं त्या ओल्या मातीवर हात ठेवला. मग स्वतःच उकरायला लागली. हवालदाराला हात लावू दिला नाही. जीपमध्ये मडकं मांडीवर घेतलं आणि ऊन लागू नये म्हणून वरून पदर धरला. पांढरीवर पोचल्यावर बाई तिला रागावतील असं वाटलं होतं. पण त्या तिच्या गळ्यात पडून रडल्या.

सोमवारी पाहणी झाली आणि पांढरी खाणीतून वगळली. मी अर्जावर लिहिलं, 'वस्तू मिळाली. चोरीचा उद्देश दिसून येत नाही.' वरच्या साहेबांनी विचारलं, कोणाकडे होती? म्हटलं, शेजारणीनं सांभाळली होती.

नोकरीत मी चोर पुष्कळ पकडले, आणि प्रत्येक चोरीमागे हाव असते असं धरून चाललो. मायेपोटीही माणूस चोरी करतो, हे मला अक्कानं शिकवलं. त्यानंतर कोणावर आवाज चढवण्याआधी मी त्याच्या घरी एकदा चहा पिऊन यायला लागलो.

धुळ्याला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो. म्हैस दारात होतीच. चहा पुन्हा काळाच आला.

"अक्का, आता कशाला? मडकं तर गेलं."

तिनं पांढरीकडे, तिथल्या सगळ्या पोरांकडे हात केला. "आते बठ्ठासले देनं पडस, भाऊ."

मी कप उचलला आणि शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यालो.