लगाम पायात, हात नगाऱ्यावर

नगरचं रणगाड्यांचं संग्रहालय बघायला लांबून लोक येतात. आम्ही बापलेक तिथं घोडा शोधायला गेलो होतो.

कारण सांगतो. पाथर्डीजवळच्या आमच्या गावात यात्रेला पालखीपुढे घोडीवरून नगारा निघतो. घोडी आमची, वाजवणारे आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. नगाऱ्याची दोन भांडी घोडीच्या दोन्ही अंगांना लटकवलेली असतात, त्यामुळे अण्णांचे दोन्ही हात गुंतलेले. लगाम धरून पुढे माझा थोरला भाऊ चालायचा. यंदा तो आणि वहिनी देवळाली प्रवरेकडे ऊसतोडीला गेले होते आणि कारखाना बंद व्हायला अजून वेळ होता. आमच्या काशी घोडीच्या पाठीवर कुणीही बसलेलं तिला चालतं, पण दादाशिवाय कुणी पुढून लगाम धरला की ती चावते. माझ्या दंडावर खूण आहे.

यात्रेचे पंच घरी आले आणि म्हणाले, "अण्णा, औंदा नगारा टेम्पोत ठिवू. लई सोपं पडंल." अण्णांनी नाइलाजानं मान डोलावली. एकदा सोपं पडलं की पुढच्या वर्षीही टेम्पोच येणार, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

त्याच आठवड्यात मोबाईलवर मला इंग्लंडच्या राजाच्या घोडदळाचा व्हिडिओ दिसला. राजवाड्याच्या पहाऱ्याचं, छातीवरच्या चकाकत्या चिलखतांचं ते घोडदळ. बँडच्या पुढे एक धिप्पाड घोडा, दोन्ही बाजूंना चांदीचे नगारे, वर बसलेला माणूस दोन्ही हातांनी वाजवतोय आणि लगाम कुणाच्याच हातात नाही! तो खाली वाजवणाऱ्याच्या पायांकडे गेलेला. व्हिडिओ मी अण्णांना दाखवला.

"मोबाईलात मानसं चंद्रावर बी नाचत्यात," अण्णा म्हणाले.

दहावीनंतर माझी शाळा सुटली. इंग्रजी मी शब्दावर बोट ठेवून वाचतो. तरी त्या घोडदळाची मिळेल ती माहिती वाचून काढली. साडेतीनशे वर्षांहून जुनं दल. राजाचा जीव सांभाळायचा आणि लढाईतही जायचं, अशी दोन्ही कामं. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी घोडे सोडून आधी ट्रक आणि मग चिलखती मोटारी घेतल्या. तशा जुन्या मोटारी नगरच्या संग्रहालयात आहेत, असंही वाचलं. मोटारी आहेत तर घोड्याचं एखादं चित्रही असेल, असा मी हिशेब केला. भिंतीवर लावलेलं चित्र अण्णा खरं मानतात.

सकाळची एसटी धरली. पाण्याच्या बाटल्या, भाकरी, ठेचा, आधार कार्डं सगळं आदल्या दिवशीच पिशवीत भरलं होतं आणि स्टँडवर पुन्हा तपासलं. अण्णांना अर्धं तिकीट लागतं.

"कुटं?" कंडक्टरनं विचारलं.

"नगर."

"अहिल्यानगर म्हना आता. कार्ड दाखवा बाबा. तुमी तर पोरापरीस तरणे दिसताय."

अण्णा खूश झाले. करंजी घाटात उजवीकडची खिडकी मिळाली तर सोडू नका, खाली माळ लांबपर्यंत पसरलेला दिसतो. नगरच्या स्टँडवर उतरून आम्ही मिसळ खाल्ली (तिखट आहे, पाव जास्त मागा) आणि सोलापूर रस्त्याकडे जाणारी शेअर रिक्षा पकडली. संग्रहालयाचं तिकीट फार नाही, पण वेळ आणि सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्या. शक्यतो सकाळीच जा. रणगाडे उघड्यावर उभे आहेत आणि दुपारी त्यांच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. मी लावला.

बघण्यासारखं खूप आहे. कुठल्या कुठल्या देशांचे रणगाडे, शत्रूकडून जिंकलेले, कुणाच्या अंगावर गोळ्यांच्या खुणा. जुन्या चिलखती मोटारीपाशी अण्णा बराच वेळ थांबले. "घोडी इकून हे घेतलं व्हय त्यांनी?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला आपण उगाच यांना इथं आणलं असं वाटायला लागलं. मी प्रत्येक पाटी वाचली. नगाऱ्याच्या घोड्याचं चित्र मला कुठंही सापडलं नाही.

झाडाखाली भाकरी सोडली. शेजारच्या कट्ट्यावर मिरजगावचं एक जोडपं बसलं होतं. गृहस्थ रणगाड्यांच्या पलटणीतून दफेदार, म्हणजे हवालदाराच्या हुद्द्यावर, निवृत्त झालेले. मी ठेचा पुढे केला आणि विचारून टाकलं.

"खरं हाय की!" ते म्हणाले. "दिल्लीला राष्ट्रपतींच्या घोडदळात बी तसा नगारा हाय, म्या डोळ्यानं बघितलाय. आन त्या इंग्लंडवाल्यांनी घोडी कुटं सोडली? निम्मे गाडीत, निम्मे अजून घोड्यावर. नगाऱ्याच्या घोड्याला तर मेजर म्हनत्यात."

"घोड्याला मेजर?" अण्णांचा घास थांबला. "मंग सलाम कोन कुनाला ठोकतंय?"

"ह्यांना दफेदारच ठिवलं बगा," दफेदारांच्या पत्नी म्हणाल्या. "चार पाय असते तर मेजर झाले असते."

दफेदार हसत उठले. त्यांनी अण्णांना कट्ट्यावर घोड्यासारखं बसवलं, अण्णांचंच उपरणं घेतलं, मधला भाग स्वतःच्या हातात धरला आणि टोकं अण्णांच्या बुटांखाली दाबली. "आता वाजवा. उजवा पाय मागं घ्या. बगा, म्या उजवीकडं वळलो! पर पाव्हणं, लगाम पायाला बांधायचा न्हाई. पडलात तर फरफटत जाल. रिकिबीला, पाय ठिवायच्या कडीला बांधायचा, पाय मोकळा राहिला पायजे."

"अहो, लोक बघत्यात," बाई म्हणाल्या. लोक खरंच बघत होते. अण्णा मांडीवर बोटांनी नगारा वाजवत होते आणि दफेदार त्यांच्यापुढे डावी-उजवीकडे वळत होते.

परतीची एसटी घाट उतरली. मग अण्णा म्हणाले, "सुताची दोरी पायजे. नायलॉनची काचंल तिला."

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या माळावर आम्ही सुताची दोरी लावून लगाम रिकिबींना बांधला. नगारा नसताना काशी शहाण्यासारखी चालली. नगारा चढवला, अण्णांनी टिपऱ्या उचलल्या आणि घोडी जागच्या जागी गोल फिरायला लागली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पंचांपैकी दोघं बघायला आले होते, ते हसायला लागले. मी वाकून बघत राहिलो तेव्हा लक्षात आलं. अण्णा ठेका पायानं धरतात. उजवी टाच प्रत्येक आवर्तनाला मागे जाते आणि घोडी तो हुकूम समजून वळते.

"पाय हलवू नका, अण्णा."

"पाय न्हाई हलला तर हात कसा चालंल?"

त्यांनी खूप प्रयत्न केला. पाय धरून ठेवला की हात चुकायचा. शेवटी ते उतरले आणि टिपऱ्या माझ्यापुढे धरल्या. "तू बस. तुजं अंग लाकडावानी हाय. त्या पोराचं बी तसंच हुतं व्हिडिओत."

मला घरात नगारा कुणी शिकवला नव्हता. ऐकून ऐकून साधा ठेका येत होता, तेवढा मी वाजवला. काशी सरळ चालली. पंचांनी टेम्पो रद्द केला.

यात्रा झाली. नगारा घोडीवरूनच निघाला, लगाम माझ्या पायांपाशी होता आणि भीतीनं माझी पाठ इतकी ताठ झाली होती की उतरताना दोघांनी धरलं. लोक कौतुक करत होते. पण वेशीजवळ एक म्हातारी म्हणाली, "घोडी तीच हाय, पर अण्णाचा हात न्हाई." पालखीबरोबर चालणाऱ्या अण्णांनी ते ऐकलं, मीही ऐकलं. आम्ही घोडीची जागा वाचवायला गेलो होतो. ती वाचली आणि अण्णांची गेली. त्या संग्रहालयातल्या मोटारीपाशी अण्णा इतका वेळ का थांबले होते, ते मला तेव्हा कळलं. नवी सोय आली की कुणाची तरी जागा जातेच.

घरी येऊन मी नगारा उतरवला, कातड्यावरची धूळ पुसली. अण्णा ओट्यावर पाय पसरून बसले होते. चहा प्यायले, कप खाली ठेवला.

"डाव्या हातात जोर न्हाई तुज्या," ते म्हणाले. "आन तो नगारा नगं ठिवू आत. हितं आण. बस माज्यासमोर."

मी नगारा त्यांच्यापुढे मांडला आणि बसलो.