बारा जर्स्या आणि माझी पक्की शिलाई

चहा आधी संपवा, मंग सांगतो. नाहीतर हसता हसता नाकातून येईन अन् नाव माझं होईन! आयुष्यात गाढवपणा मी बराच केला, पण हा तं भर मैदानात केला, साऱ्या नागपूरसमोर.

नागपुरातल्या सदर भागात माझं टेलरिंगचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. साऱ्या सदरले माझ्याबद्दल दोन गोष्टी ठाऊक. एक, माझी शिलाई पक्की. कपडा फाटन, पण टाका उसवणार नाही. दुसरी, मी गिऱ्हाईकाले दुसऱ्यांदा विचारत नाही. पुन्हा पुन्हा विचारते तो टेलर कसला? हे सारं मीच सांगत फिरायचो म्हणा.

दुकानाच्या मागे चर्च होतं. चर्चवाल्यांचं खेळाचं एक मंडळ होतं, खेळातून देवाची सेवा करणारं. त्यांनी पोरींचा फुटबॉल क्लब काढला. हो, पोरींचा! त्या काळात! क्लब पाहायच्या सुहासिनी मिस. आधी डोळे मिटून प्रार्थना, मंग धाडधाड लाथा. पोरी मात्र साऱ्या जातीधर्माच्या, अन् गोलकीपर कोण? आमची शोभा!

दोन वर्षं ती अनवाणी खेळली. बायको म्हणे, "पोरीच्या नडग्या पाहा. लग्नात काय दाखवू?"

मी म्हणे, "लग्नात नडग्या कोण पाहते वं?"

तर त्या वर्षी क्लबाले पहिल्यांदा टुर्नामेंटमध्ये जागा भेटली. अट एकच. साऱ्यांची जर्सी सारखी पायजे अन् पाठीवर नंबर पायजे, नाहीतर मैदानात पाय ठेवायचा नाही.

मिस दुकानात आल्या. "मास्टर, बारा जर्स्या हव्यात. अकरा आणि एक राखीव. नंबर आमच्या बोर्डावर लावलेत, तेवढे उतरवून घ्या."

"झालं समजा, मिस!"

त्या गेल्यावर शोभा म्हणाली, "बाबा, कोणता बोर्ड ते विचारून येऊ का?"

"काहून? तुझ्या बापाले वाचता येत नाही का?"

गेलो. क्लब चर्चचा, म्हणजे बोर्डही चर्चमध्येच असन ना? दार उघडं, आत कोणी नाही. समोर भिंतीवर दोन लाकडी बोर्ड, एक डावीकडे, एक उजवीकडे, अन् त्यात मोठे मोठे आकडे सरकवलेले. मोजले. सहा अन् सहा, बारा! आता तुम्हीच सांगा, जर्स्या बारा, नंबर बारा, माणूस अजून काय पाहणार?

आकडे जरा जास्तच होते, हे खरं. दोनशे चौदा, तीनशे बारा, एकशे पाच, सत्त्याऐंशी... क्षणभर मलेही वाटलं, हे काही जमून नाही राहिलं. मंग डोकं चालवलं. मिशनवाल्यांचे क्लब देशभर असतील, नागपूरच्या वाट्याले हे नंबर आले असतील! स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चिठ्ठीवर उतरवले अन् परत आलो.

निळ्या जर्सीवर पांढरे आकडे लावले. दुहेरी शिलाई मारली. दोनशे चौदा सगळ्यात भारी दिसला, तो शोभाले दिला, अन् तिच्या जर्सीले तिहेरी शिलाई. बाप आहे ना!

काम संपलं मॅचच्या दिवशी, शनिवारी सकाळी. गठ्ठा सायकलवर टाकला अन् सरळ मैदान गाठलं. पोरींनी घाईघाईनं जर्स्या घातल्या अन् रांगेत उभ्या राहिल्या. समोर कोराडीच्या पॉवर स्टेशन कॉलनीची टीम. त्यांची कॅप्टन आमच्या पाठी पाहून मैत्रिणीले म्हणते, "माय वं! तीनशे पोरी आहेत यांच्याजवळ?"

रेफ्री आले. मिशीवाले, कडक. कागद काढला, पेन उघडलं अन् थांबले.

"हे काय आहे?"

"नंबर, साहेब."

"तीनशे बारा? मी शिट्टी वाजवायले आलो का शिरगणती करायले?"

तेवढ्यात मिस धावत आल्या. एकेका पाठीवरचा आकडा वाचू लागल्या, "दोनशे चौदा... एकशे पाच... सत्त्याऐंशी..." अन् मटकन खाली बसल्या.

"मास्टर, ही तर उद्याची गाणी आहेत!"

"कोणती गाणी?"

"चर्चमधली! पुस्तकातलं कोणतं गीत म्हणायचं, त्याचे नंबर असतात ते. उद्या गाण्यांची खास उपासना आहे, म्हणून बारा. आमचा बोर्ड मागे खेळाच्या खोलीत आहे. त्यावर एक ते बारा लिहिलंय!"

एक ते बारा! ते तं मी न जाताही लावले असते, बाप्पा!

रेफ्रीनं घड्याळ पाहिलं. "दोन आकड्यांपेक्षा मोठा नंबर चालणार नाही. वीस मिनिटं देतो. नाहीतर कोराडी विजयी."

मी शोभाकडे पाहिलं. रडली असती तं बरं झालं असतं. मिसनं तिच्यासाठी कोणाचे तरी बूट मागून आणले होते, त्या बुटांकडे पाहत ती नुसती उभी होती. "मी विचारून येते म्हटलं होतं ना, बाबा," एवढंच बोलली.

"पोरींनो, पाठी करा इकडं!" खिशातून ब्लेड काढलं अन् भिडलो. तीनशे बाराचा तीन काढला की बारा. एकशे पाचचा एक अन् शून्य काढला की पाच. सोपं काम. पण टाका निघन तं ना! ज्या शिलाईची बढाई साऱ्या सदरात मारली, तिलेच गुडघ्यावर बसून शिव्या देऊन राहिलो होतो. बोट कापलं, दहा मिनिटं गेली, अन् झाल्या किती? दोन पोरी!

मिसनं डोळे मिटले.

"मिस, प्रार्थना मागून करा, आधी कैची आणा!"

"कैचीसाठीच करतेय, मास्टर!"

अन् काय सांगू, कोराडीची कॅप्टनच आली, हातात त्यांच्या औषधाच्या डब्यातली कैची. "सरका काका. असं करून राहिले तं संध्याकाळ होईन. आम्ही काय बसून जिंकायले आलो?" मंग त्यांची सारी टीम भिडली. कोणी सेफ्टीपिन, कोणी नखं, एक पोरगी तं दातानं!

शेवटी राहिली शोभा. गोलकीपरचा नंबर एक, म्हणजे दोन अन् चार काढायचे, मधला एक ठेवायचा. दोन निघाला. चार निघेना. रेफ्रीनं शिट्टी तोंडात धरली. मी देवाचं नाव घेतलं अन् ओढला. चर्रर्र! पाठीवर वीतभर भोक पडलं. कपडा फाटला. टाका? एक टाका उसवला असन तं शपथ!

पण चार गेला, एक राहिला, अन् माझी पोरगी मैदानात उतरली.

हरलो. तीन-शून्य. पण शोभानं दहा तरी गोल अडवले, अन् दर उडीले ते भोक थोडं थोडं वाढत गेलं. टाळ्या अशा पडल्या का विचारू नका. येताना सायकलवर मागून म्हणाली, "पुढच्या वर्षी विचारायले मी जाईन."

"जाजो माय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मिसनं साऱ्या पोरींच्या मायबापांले उपासनेले बोलावलं. मी शेवटच्या बाकावर, मान खाली घालून बसलो. आज तोंड उघडायचं नाही, असं घरूनच ठरवून आलो होतो. पाद्री उभे राहिले, पुस्तक उघडलं, अन् शांतपणे म्हणाले, "गीत क्रमांक दोनशे चौदा."

मी ताडकन उठलो अन् ओरडलो, "आमची शोभा! गोलकीपर!"