राणी कोठडीत, अण्णा शेळीमागे

जगात आजवर जेवढी राज्यं बुडाली, त्यातलं निदान एक माझ्या साडूंच्या भिडस्तपणामुळं बुडालं, हे मी कुठंही शपथेवर सांगायला तयार आहे. राज्य खरं नव्हतं, व्हिडिओ गेममधलं होतं; पण हा फरक साडूंना कधी फारसा महत्त्वाचा वाटला नाही. त्या गेममध्ये एका राणीला तिच्याच सेनापतीनं कोठडीत डांबलंय आणि तिला सोडवायला निघालेला तरुण म्हणजे आपण, अशी योजना आहे. सरळ वाटेनं गेलं तर काही दिवसांत राणी सुटते, असं त्यातली जाणती पोरं सांगतात. आमच्या साडूंचा तरुण घरून निघाला त्याला तिसरा पावसाळा उलटला, राणी अजून आतच आहे. कारण निघाल्या निघाल्या वेशीवर एक म्हातारी म्हणाली, बाबा, माझी शेळी हरवली. शेळी सापडून येईस्तोवर कुणाची तरी पाणचक्की बंद पडली, कुणाची बायको माहेरी जाऊन बसली, कुणाच्या पोराला जंगलातला पाला औषधाला पाहिजे झाला. असली कामं त्या गेममध्ये ढिगानं आहेत आणि करायलाच पाहिजेत असं मुळीच नाही. पण समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं साडूंच्या रक्तात नाही. "अहो अण्णा, राणीचं बघा आधी," मी म्हणायचो. त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "राणीला पहारेकरी हायत की सर. दोन टाइम जेवण मिळायलंय. ह्या म्हातारीला कोण हाय?"

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळा गोतावळा त्यांना अण्णा म्हणतो. अहमदपूरला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर त्यांचं विहिरीच्या मोटारी आणि पाईपचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर घर. मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात सकाळच्या वेळी इंग्रजी शिकवतो आणि घरी आल्यावर कुठल्याच भाषेत फारसं बोलत नाही. म्हणून पुढचं कुणाला कधी सांगितलं नाही, ते आता सांगून टाकतो. या दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत. सासूबाई कित्येक वर्षं थोरलीकडंच होत्या. त्यांना अर्धांगाचा झटका आला, थोरलीला एकटीला उचलाउचल झेपेना, आणि त्यांना आमच्याकडं नांदेडला आणायचं ठरलं. जीपमध्ये बसवताना थोरली, रात्रंदिवस करून दमलेली, स्वतःशीच बोलावं तसं म्हणून गेली, "सुटले बाई एकदाची." धाकटीनं ते ऐकलं. सगळ्या पाहुण्यांसमोर ती म्हणाली, "सुटलीस ना? मग आता आईचं तोंड बघायला येऊ नको." झालं. दोघी भांडकुदळ असत्या तर चार महिन्यांनी विसरल्या असत्या. दोघी शब्दाच्या पक्क्या निघाल्या. तेव्हापासून थोरलीनं आईला पाहिलेलं नाही, तिच्याशी ती बोललेली नाही. आणि आमच्या घरात तिचं नाव निघालं की बायको उठून आत जाते. सासूबाई दिव्यातलं तेल उतरावं तशा उतरत चालल्यात. मी ते रोज बघतो, आणि "बोलाव तिला" एवढं बायकोला म्हणायची माझी छाती झालेली नाही. आजही नाही.

तर अण्णा. तो गेमचा डबा त्यांच्या मुलाचा. मुलगा नोकरीला हैदराबादेत गेला आणि डबा टीव्हीखाली पडून राहिला. चालू वस्तू पडून ठेवणं अण्णांच्या जिवावर येतं, मग ती पाण्याची मोटार असो की काही असो. एका दुपारी त्यांनी तो लावला आणि लगेच स्वतःचे कायदे लावले. आम्ही लिंगायत माणसं; तेव्हा आपला गडी (नायकाला ते गडीच म्हणतात) मांस खाणार नाही. त्या गेममध्ये जखमा भरून यायच्या तर भाजलेलं रानडुक्कर खावं लागतं. अण्णांचा गडी पाव आणि सफरचंदांवर लढतो, आणि म्हणून निम्मा वेळ झाडाखाली निजून असतो. सोमवारी तो कुणावर हत्यार उचलत नाही. सोमवारी चोर समोर आला तर पळतो. चढ आला की घोड्यावरून उतरतो. त्या मुलखात कुणाच्याही घरात शिरून पेट्या उघडायच्या, असतील त्या मोहरा घ्यायच्या, अशी सरसकट रीत आहे, कुणी काही म्हणत नाही. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते माझ्याकडं असे बघत राहिले, जसा काही मीच कुणाची पेटी फोडून आलोय. "घरचा मानूस शेतात गेलेला, आन आपण त्याच्या पेटीत हात घालायचा? सर, तुमी मास्तर मानूस!" परिणामी तीन वर्षं झाली तरी गड्याच्या अंगावर पहिल्या दिवशीचाच फाटका सदरा आहे आणि हातात लाकडी ढाल.

हे सगळं ते दुकान, ग्राहक, भारनियमन आणि भावकी यांच्यात कसं बसवत, ते बघण्यासारखं होतं. दुकानाचा माल आणायला लातूरला निघाले की आधी गड्याला एखाद्या खाणावळीत मुक्कामाला नेऊन ठेवायचे. उघड्यावर सोडून जाणं त्यांना पटायचं नाही. एकदा म्हणे एसटी चाकूरच्या पुढं गेली आणि यांना शंका आली. भर गाडीत घरी फोन लावून ओरडले, "आगं, त्याला नदीकाठीच उभा करून आलो का काय मी? जरा बघ बरं!" पलीकडून थोरलीनं बघून सांगितलं, "हाव, उभा हाय. पाऊस लागायलाय त्याला." लातूर येईपर्यंत अण्णांचं कशात लक्ष लागलं नाही. शेजारच्या माणसानं विचारलं, मुलगा काय? अण्णा म्हणाले, "घरचंच समजा."

दुकानात मोटार बघायला आलेले शेतकरी कधी वर चहाला येत. एकानं पडद्याकडं बराच वेळ बघून विचारलं, "हे कुठलं रान हो, अण्णा?"

"परमुलखातलं हाय."

"जमीन काळी दिसायली. पाणी किती फुटाला लागतं?"

अण्णांनी गड्याला विहिरीपाशी नेऊन आत वाकवून दाखवलं. शेतकऱ्यानं मान पुढं घालून पाहिलं आणि म्हणाला, "वरच हाय की पाणी! मग हे लोक तलवारी घेऊन का फिरायलेत?" अण्णांना हा प्रश्न इतका आवडला की त्यांनी तो मला फोनवर पुन्हा पुन्हा ऐकवला.

माझा यात शिरकाव झाला तो इंग्रजीमुळं. गेममधली माणसं फार बोलतात आणि पडद्यावर इंग्रजीत लिहून येतं. आधी मुलगा हैदराबादेहून अर्थ सांगायचा. सासूबाई आमच्याकडं आल्यावर थोड्या दिवसांत अण्णांनी मला व्हिडिओ कॉल केला. "पोराला टाइम न्हाई सर. तुमी सांगत जा." बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत, ती घरात नसताना, दुपारीच त्यांचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "बाईसाहेब शाळेत का?" दुसरी सूचनाही ठरलेली, "बाहेरच्या खोलीत बसा, तिथं रेंज चांगली येती." बाहेरच्या खोलीत सासूबाईंची खाट. मी खाटेपाशी खुर्ची ओढून बसायचो, पलीकडं अण्णांचा फोन टीव्हीकडं तोंड करून ठेवलेला, कडेला त्यांचं अर्धं अंग. मी वाचून अर्थ सांगायचो आणि सासूबाई ऐकत असायच्या. त्यांची जीभ जड झालीय, पण सवयीनं कळतं. हळूहळू त्याच सल्ले देऊ लागल्या. "त्या पोराला पानी दी म्हनावं आदी." अण्णा लगेच गड्याला पाण्यावर न्यायचे. "पाजलं हो आत्या!" तिथून गोष्ट चाकूरच्या त्यांच्या माहेरच्या आडावर जायची, आडावरून लग्नावर, लग्नावरून कुठंही.

अण्णांचा खरा जीव बैठकीत. पाहुण्यारावळ्यांतली सोयरीक असो की बांधाचा तंटा, दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवावं, मधे चहा ठेवावा आणि उन्हं उतरेपर्यंत कुणाला उठू देऊ नये, ही त्यांची पद्धत. तिनं कितीतरी घरं सांधली. गेममध्ये दोन भाऊ विहिरीवरून तलवारी उपसून उभे राहिले, तेव्हा पडद्यावर चार उत्तरं आली. थोरल्याची बाजू घे, धाकट्याची घे, दोघांना मार, निघून जा.

"पाचवं बघा की सर. दोघांला बसवा म्हनून."

"पाचवं नाही, अण्णा."

"असं कसं न्हाई? खाली असंल."

"नाहीच आहे."

त्यांनी चारही उत्तरं रिमोटनं पुन्हा वरखाली करून पाहिली. मग म्हणाले, "लिव्हणाऱ्यानं बैठक कधी बघितलीच न्हाई." आणि गड्याला घेऊन निघून गेले. जाताना गड्यानं मागं वळून पाहिलं, तो अण्णांनीच वळवला असणार. स्वतःच्या घरात मात्र त्यांना बैठक मांडता आली नव्हती. एकदा ते त्यासाठी नांदेडला येऊन गेलेले; माझ्या बायकोनं चहा केला, पाया पडली, आणि ते बोलायला लागल्यावर गच्चीवर वाळवण काढायला गेली ती ते एसटीला निघेपर्यंत खाली आली नाही. मी तेव्हा खोलीतच होतो. पंख्याचा वेग वाढवला मी, एवढंच.

एका दुपारी सासूबाईंना बोलायचा हुरूप आला होता. थोरलीच्या जन्माच्या वेळी नाळ कापायला आलेली सुईण कशी बहिरी होती, ते सांगत होत्या. माझं लक्ष पडद्याकडं गेलं. गडी पुलावर उभा होता. बराच वेळ उभा होता. अण्णांचे दोन्ही हात मांडीवर, रिमोट बाजूला. कुणी काही खेळतच नव्हतं. मी विचारणार, तेवढ्यात पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. अण्णा तर समोर दिसत होते. मग बांगड्या वाजल्या.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "आज उजेड लई हाय हो. पडद्यावर दिसंना कायी."

मी म्हणालो, "हो. इकडंही."

तेव्हा मला सगळं एकदम उमगलं. आमच्या घरात रेंज सगळीकडं सारखीच येते. आणि पोराचं इंग्रजी माझ्याहून शंभर पटीनं बरं आहे. ते म्हातारीचं काम, ती चक्की, तो पाला. सासूबाई आमच्याकडं आल्यापासूनचं एकेक काम म्हणजे एकेक दुपार होती. पडद्याच्या अलीकडं, फोनला दिसणार नाही अशा जागी बसून थोरली आईचा आवाज ऐकत होती. "तोंड बघायला येऊ नको" हा शब्द तिनंही पाळलाच होता. आणि सासूबाई? त्या दिवशी फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "पोरीला म्हनावं, टायमावर जेवत जा."

"कोणत्या पोरीला?"

"तुमच्या त्या गेममदल्या," म्हणाल्या, आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या. गेममध्ये त्या दिवशी कुठलीच पोरगी नव्हती.

मला कळलं, तरी मी काय केलं? काही नाही. रोज खुर्ची ओढून बसत राहिलो. बायको घरी आली की फोन खिशात, तोंड बंद. एका घरात आई, दुसऱ्या घरात लेक, आणि मधे दोन पोक्त बाप्ये खोट्या राज्यातल्या खोट्या लोकांची कामं करतायत. याहून लाजिरवाणं काय असतं, मला सुचत नाही.

मागच्या आठवड्यात अण्णांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "सर, कामं संपली. समदा मुलूख फिरून बघितला, कुनी कायीच सांगंना. आता राणीला सोडवावंच लागतं." सोडवली की गेम संपतो. सासूबाईंचं बोलणंही तोवर एका-दोन शब्दांवर आलेलं. बहुतेक दुपारी नुसता श्वास ऐकू जायचा. खाटेवर त्यांचे डोळे उघडे होते. मी म्हणालो, "पहिल्यापासून लावता येतो का?"

"येतो. पण तीच मानसं, तीच कामं?"

"लावा. मला नीटसं आठवत नाही काय काय होतं ते."

अण्णांनी बटण दाबलं. पडदा काळा झाला, मग उजाडला. पलीकडं कुणीतरी सुस्कारा सोडला.

त्या संध्याकाळी बोलायचंच, असं मी ठरवलं होतं. बायको आली, हातपाय धुऊन आईपाशी बसली, दुधात भाकर कुस्करून चमच्यानं भरवू लागली. मी दारात उभा राहिलो. तीच म्हणाली, माझ्याकडं न बघता, "उद्यापासून मला यायला सहा-साडेसहा होतील. शाळेत काम हाय."

तिची शाळा पाचला सुटते. पाचनंतर तिथं कुत्रंसुद्धा नसतं.

"बरं," मी म्हणालो.

तिनं चमचा सासूबाईंच्या ओठाला लावला. "आन त्या फोनला कायतरी टेकू ठेवत जा," ती म्हणाली, "आईकडं तोंड करून. किती येळ हातात धरून बसता."

यापुढं ती काही बोलेल असं वाटत नाही. थोरली या दारात येणार नाही, ही तिला बोलावणार नाही, आणि सासूबाईंपाशी फार दिवस उरलेले नाहीत. मी पाण्याचा तांब्या स्टुलावर ठेवला, त्याला फोन टेकवला आणि कॅमेरा लावून पाहिला. सासूबाईंचा चेहरा पूर्ण येत होता. कडेला, अर्धवट, चमचा धरलेला एक हात. तो हात जरा बाजूला घे म्हणणार होतो, पण म्हणालो नाही.