आधी उजवी नाकपुडी

मला चार वर्षं व्यसन होतं, आणि ते नाकात घालायच्या थेंबांचं होतं. हे सांगितलं की लोक आधी हसतात. मीही हसले असते. आमच्या घरात व्यसन म्हणजे माझ्या थोरल्या भावाची दारू. दादा फौजेत हवालदार होता, दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये राहायचा, आणि त्याने काय काय केलं ते सगळ्या नातेवाइकांना पाठ होतं. त्याच्यापुढे माझी बोटभर बाटली कोण विचारात घेणार?

सुरुवात दिवाळीनंतरच्या आठवड्यात झाली. गाझियाबादला आम्ही आठव्या मजल्यावर राहतो. त्या दिवसांत खिडकीतून समोरची इमारत दिसत नाही, नुसता करडा पडदा दिसतो. माझं नाक चोंदलं. मुलीला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "चोंदलं मतलब?" ती इथेच वाढलेली, असले शब्द तिच्यापर्यंत पोचलेलेच नाहीत. नवऱ्याने खालच्या केमिस्टकडून थेंब आणले. पाच दिवसांच्या वर घालू नका असं केमिस्टने बजावलं होतं आणि तो निरोपही नवऱ्याने मला नीट दिला. दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब घातले आणि मिनिटभरात नाक मोकळं झालं. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात काम करते, म्हणून मला तीच उपमा सुचते. वर्षभर अडकलेली फाइल एका सहीने सुटावी, तसं वाटलं.

सहाव्या दिवशी मी शहाण्यासारखे थेंब बंद केले. दुपारपर्यंत नाक असं बंद झालं की तिथे कधी भोकं होती यावर विश्वास बसेना. म्हटलं, सर्दी अजून बरी झालेली नाही. पुन्हा थेंब घातले. चार वर्षं माझी ती सर्दी बरी झाली नाही. थेंबांमुळे नाकातली सूज उतरते आणि थेंबांचा असर संपला की दुपटीने चढते, म्हणजे औषधच आजार तयार करत होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. खरं म्हणजे मी कुणाला विचारलंच नाही.

आधी रात्री एकदा, मग सकाळ-संध्याकाळ, मग दर दोन तासांनी. एक बाटली पर्समध्ये, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक उशीखाली. नवरा कुरकुर करायला लागल्यावर बाकीच्या लपल्या. तूरडाळीच्या डब्यात एक, देव्हाऱ्यात समईच्या मागे एक. एकाच केमिस्टकडे सारखं जायला लाज वाटायची, म्हणून मी तीन केमिस्ट आलटून-पालटून वापरायचे. तिसऱ्याला तर मी सासूबाईंसाठी नेते असं सांगितलं होतं. तो दर वेळी सासूबाईंची तब्येत विचारायचा, आणि मी दर वेळी ती थोडी आणखी बिघडवायचे.

हे सगळं उघड झालं ते पानिपतामुळे.

सासूबाईंचे भाऊ आणि मामी कोल्हापूरहून आले होते. दिल्लीतल्या मराठी माणसाकडे पाहुणे आले की त्यांना पानिपत दाखवावंच लागतं. आम्ही गाडी करून गेलो. युद्धाच्या स्मारकापाशी मामा हात जोडून उभे राहिले, मामींनी डोळ्यांना पदर लावला, आणि मला कळलं की मी पर्स बदलली आहे आणि बाटली जुन्या पर्समध्ये राहिली आहे. अर्ध्या तासात नाक बंद व्हायला लागलं. तोंडाने श्वास घेत मी बाथरूमला जाऊन येते म्हटलं, फाटकाबाहेर पडले, एका ई-रिक्षात बसले आणि केमिस्ट शोधत पानिपत शहरात गेले. पहिलं दुकान बंद होतं. दुसऱ्याकडे लहान मुलांचे थेंब होते, ते मी नाकारले. एवढी पारख मला आली होती. तिसऱ्याकडे मिळाले. दुकानाच्या पायरीवरच मान मागे टाकून मी थेंब घातले.

परत आले तेव्हा दीड तास झाला होता. स्मारकाचे दोन चौकीदार शिट्ट्या वाजवत शेताकडे मला शोधत होते, आणि मामा घामाघूम होऊन फाटकाशी उभे होते.

"इथे आधीच आपली एवढी माणसं गेलीत," ते म्हणाले, "त्यात तू कशाला भर घालतेस?"

मी सांगितलं की मला फार भरून आलं, म्हणून एकटीच चालत लांब गेले. डोळे लाल होतेच. परतीच्या वाटेवर मामांनी मला पुढच्या सीटवर बसवलं. कोल्हापुरात आजही माझी ख्याती आहे की दिल्लीची सून पानिपतावर दीड तास रडली.

नवऱ्याने हा किस्सा मोठ्या कौतुकाने दादाला फोनवर सांगितला. दादाला कौतुक वाटलं नाही. त्याने फक्त, बाथरूमला म्हणून गेली आणि किती वेळाने आली, एवढंच पुन्हा विचारून घेतलं. त्याला दारू सोडून तेव्हा आठ वर्षं झाली होती. फौजेतून निवृत्त होऊन तो गुडगावात एका इमारतीच्या सुरक्षारक्षकांचा सुपरवायझर होता. पुढच्या रविवारी तो न सांगता जेवायला आला. हात धुतले आणि म्हणाला, जरा घर बघतो.

दहा मिनिटांत त्याने नऊ बाटल्या काढल्या. कुठे शोधायचं याचा त्याला विचारच करावा लागत नव्हता. डाळीचा डबा तर त्याने झाकण न उघडता नुसता हलवून बघितला. इस्त्रीच्या कपड्यांखालची बाटली मी स्वतः विसरले होते. फौजेत किट तपासणीला सामान मांडतात तशा त्याने त्या डायनिंग टेबलावर एका रांगेत मांडल्या. नवरा आणि मुलगी बघत उभे राहिले.

"मी फ्लशच्या टाकीत पण ठेवायचो," दादा म्हणाला. "तिथपर्यंत तू अजून पोचली नाहीस."

मी म्हटलं, हे औषध आहे, विश्वास ठेव. विश्वास पानिपतातच गेला, असं म्हणून तो खुर्चीत बसला. नवऱ्याने बाटल्या उचलून कचऱ्याच्या डब्याकडे नेल्या तेव्हा मात्र दादाने त्याचा हात धरला. फेकायच्या नाहीत, म्हणाला. आधी डॉक्टर. त्या बाटल्या त्याने स्वतःच्या हाताने परत माझ्यासमोर ठेवल्या. मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी तो मला त्याच्या गटात घेऊन गेला. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं दर शनिवारी संध्याकाळी एका शाळेच्या बालवाडीच्या वर्गात जमायची. बाक बालवाडीचेच. त्यावर एक आडदांड प्रॉपर्टी डीलर, दोन माजी सैनिक, एक केस पिकलेल्या पंजाबी आंटी आणि आणखी पाच-सहा जण गुडघे हनुवटीला लावून बसले होते. मागे भिंतीवर कागदी फुलपाखरं. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, "मुझे नाक की दवा की लत है."

कुणी हसलं नाही. प्रॉपर्टी डीलरने गंभीरपणे विचारलं, दिवसातून किती वेळा? मी सांगितलं. लपवून? हो. खोटं बोलून? सासूबाईंचं प्रकरण मी सांगितलं.

"फिर तो बैठिए," तो म्हणाला आणि बाकावर सरकून त्याने मला जागा दिली.

आंटींनी मला पहिला थेंब आठवतो का असं विचारलं. मी फाइलचं सांगितलं. प्रत्येक जण आपापला पहिला घोट आठवत असावा, कारण सगळ्यांच्या माना एकदम हलल्या.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाई गाझियाबादच्याच होत्या. त्यांनी नाकात दिवा घालून पाहिलं, रक्तदाब मोजला, तोही वाढलेला निघाला. मला वाटलं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, असे पेशंट दर आठवड्याला येतात, त्यात लाजायचं काही नाही. इच्छाशक्तीचाही हा प्रश्न नाही. नाकातल्या रक्तवाहिन्या थेंबांशिवाय आखडायचं विसरल्यात, त्यांना ते हळूहळू परत शिकवावं लागेल. मग त्यांनी उपचार सांगितला. आधी उजवी नाकपुडी सोडा. तिच्यात फक्त मिठाचं पाणी आणि मी देते तो दुसरा स्प्रे. डावी चालू ठेवा, म्हणजे श्वास अडणार नाही. उजवी सुटली की मग डावी.

अशी मी उजवीकडून व्यसनमुक्त आणि डावीकडून व्यसनी झाले. पहिले आठ दिवस उजवी बाजू सिमेंट भरल्यासारखी होती. नवव्या दिवशी तिच्यातून शिट्टीसारखा बारीक वारा गेला. तीन आठवड्यांत ती मोकळी झाली. मी शनिवारी गटाला सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि मग अडचण आली. गटात व्यसन सोडल्याची तारीख वहीत लिहायची पद्धत होती. माझी लिहायची की नाही? एक माजी सैनिक म्हणाला, एका हाताने पिणं सोडलं तर त्याला सोडणं म्हणत नाहीत. प्रॉपर्टी डीलर म्हणाला, नाकपुड्या दोन स्वतंत्र मालमत्ता आहेत, मध्ये भिंत आहे. वीस मिनिटं चर्चा झाली. शेवटी आंटींनी वही ओढून माझ्या नावापुढे 'दायाँ', म्हणजे उजवी, असं लिहिलं आणि तारीख घातली.

त्याच दिवसांत आमच्या ऑफिसात नशामुक्तीची शपथ होती. परिपत्रक माझ्याच सेक्शनने काढलं होतं, त्यामुळे वाचायचं मीच. कॉरिडॉरमध्ये दीडशे माणसं उजवा हात पुढे करून उभी, आणि मी वाचतेय की मी कोणत्याही मादक पदार्थाच्या आहारी जाणार नाही. डावीची बाटली पर्समध्ये होती. शपथ मी मनातल्या मनात उजवीपुरतीच घेतली.

डावी सोडायला घेतली ती जानेवारीत, आणि पाचव्या दिवशी मी हरले. धुकं, धूर, त्यात घरात मोठी पूजा. दोनच थेंब, असं म्हणत दोन्हीकडे घातले. उजवीतसुद्धा. त्या दुपारी दादाचा फोन आला. मी मस्त आहे, मुळीच घेतलं नाही, असं मी त्याला सांगितलं.

"तुझा म स्पष्ट येतोय," दादा म्हणाला.

नाक बंद असताना मी 'बी बस्त आहे' म्हणायचे. तेवढा एक पुरावा मला लपवता आला नव्हता. त्या सबंध महिन्यात माझं नाक मोकळं असणं हाच गुन्हा होता.

दुसऱ्या दिवशी तो तीन दिवसांची रजा टाकून आला. काही उपदेश केला नाही. बाल्कनीत खुर्च्या टाकल्या, दहा किलो मटार आणला होता, तो आम्ही सोलत बसलो. मी तोंडाने श्वास घेत होते, दर थोड्या वेळाने पर्सकडे बघत होते, आणि तो माझ्याकडे न बघता शेंगा फोडत होता. मग त्याने विचारलं, तुला आठवतं, तू माझ्या क्वार्टरवर येऊन सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या होत्यास?

आठवत होतं. वहिनीने रडत फोन केला होता, मी गेले होते, आणि चार बाटल्या ओतून त्याला म्हणाले होते की माणसाने मनात आणलं तर काय अवघड आहे. अनेक वर्षं मला त्या दिवसाचा अभिमान होता.

"तिसऱ्या दिवशी मला फिट आली होती," दादा म्हणाला. "एकदम बंद केली ना. जीभ चावली. तुझ्या वहिनीने मिलिटरी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, अशी एकदम तोडतात का कधी? माणूस जातो."

मला तेव्हा कळवलं होतं. मी वहिनीला फोनवर म्हटलं होतं की नाटकं आहेत, लक्ष देऊ नकोस. तेही मला आठवलं. हातातली शेंग मी न सोलताच दाण्यांत टाकली. मी म्हणाले, "बला कळलं दव्हतं रे, दादा."

तो हसायला लागला. मग मीही हसले, आणि नाक बंद असताना हसणं आणि रडणं दोन्ही एकदम जमत नाही हे त्या दिवशी समजलं. तो म्हणाला, मलाही कुठे कळत होतं. मला वाटायचं मी वाईट माणूस आहे, म्हणून पितो. उठून त्याने मिठाचं पाणी कोमट करून आणलं.

तीन दिवस आम्ही मटार सोलला. घरात खाऊन संपेना, तेव्हा मुलगी शेजारी वाटून आली. त्यानंतरही दोनदा घसरले, पण दोन्ही वेळा मीच दादाला फोन केला, आणि त्याने पहिल्याच 'म'वरून ओळखलं. होळीच्या आधी डावी नाकपुडी सुटली. आंटींनी वहीत 'दायाँ'पुढे 'बायाँ' लिहिलं.

त्या आठवड्यात एका सकाळी बाल्कनीत उभी असताना मला भयंकर वास आला. मी नवऱ्याला हाक मारून विचारलं, काय मेलंय खाली? तो माझ्याकडे बघतच राहिला. आमच्या इमारतीच्या मागून नाला जातो. त्याच्या दुर्गंधीबद्दल सोसायटीत चार वर्षं तक्रारी चालू होत्या, आणि तक्रारअर्जावर सही न करणारी एकटी मीच होते. मला काहीच जाणवत नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं, आणि ते अक्षरशः खरं होतं.

सेक्रेटरींकडे जाऊन मी माफी मागितली. सरकारी नोकरीतली आहे म्हटल्यावर त्यांनी नवा अर्ज लिहायचं काम माझ्यावरच टाकलं. सदर नाल्याचा वास सकाळी कसा, दुपारी कसा, वारा पूर्वेकडून असताना कसा, याचं मी दीड पान वर्णन केलं. इतकं तपशीलवार कुणी लिहिलं नव्हतं, असं सगळे म्हणाले. अर्ज अजून प्रलंबित आहे. मी रोज सकाळी चहा घेऊन बाल्कनीत जाते आणि नवरा आतून ओरडतो की दार लावून घे.