सही करण्याआधीच मागितलेली चार दिवसांची रजा

मंडळी, आज दुपारी मुलीचा फोन आला. उद्या तिची मुलाखत आहे आणि पुढच्या महिन्यात तिला आठवडाभर सुट्टी हवी आहे. "आई, कधी सांगू?" मी तिला माझीच गोष्ट सांगितली.

सत्त्याण्णव साल. आम्ही अंथुर्ण्याचे. बारामतीच्या एका खासगी डेअरीत मी प्रयोगशाळेतल्या जागेसाठी मुलाखत दिली. ऑक्टोबरात वडिलांना, आमच्या आबांना, नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचं ठरलं होतं. छप्पन साली गावातली माणसं दीक्षेला गेली, तेव्हा आबा ज्यांच्याकडं कामाला होते त्यांनी त्यांना सोडलं नव्हतं.

भाऊ म्हणाला, "आत्ता बोलू नगंस. आधी हजर हो, मग बघू."

मुलाखत झाल्यावर डेअरीचे साहेब म्हणाले, "एक तारखेपासून या. इथं सही करा." मी पेन हातात घेतलं आणि थांबले. "साहेब, ऑक्टोबरात चार दिवस रजा लागेल." कारणही सांगितलं.

"पगार कापला जाईल."

"चालेल."

त्यांनी माझ्यासमोरच नेमणुकीच्या पत्रावर रजा मंजूर केल्याचं लिहिलं!

घरी आबा म्हणाले, "लिवून दिलंय व्हय? परत वाच." तीनदा वाचायला लावलं.

एक्केचाळीस वर्षांनी आबांनी नागपूरच्या त्या मातीवर डोकं टेकवलं. मी शेजारी उभी होते, हक्काच्या रजेवर!

लेकीला म्हटलं, नोकरी देतो म्हणाले की सांग, पण सही करण्याआधी. बरोबर सांगितलं ना? तुम्ही कधी सांगितलं होतं?