भावाने टाकलेली पॅकेजेस

धाकटा भाऊ पुण्याची नोकरी सोडून पवनीला घरी आला, तेव्हा त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या होत्या. डायलिसिसला भंडाऱ्याला जायचं आणि उरलेले दिवस पडून राहायचं. ते त्याला जमेना. म्हणून त्याने मला लॅपटॉप शिकवायला घेतला. बाबा घरी मागावर साड्या विणतात. त्यांच्या काठांची नक्षी मी चौकटीच्या कागदावर काढत असे. भावाने एक छोटा प्रोग्राम लिहिला. नक्षी दिली की कोणत्या ओळीत कोणता धागा उचलायचा, ते तो सांगे.

हे सगळं चालायला बरीच पॅकेजेस, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले छोटे तयार प्रोग्राम, लागायची. ती आणायला त्याने पॅकेज मॅनेजर टाकला होता.

"हा किराणावाल्यासारखा आहे बाई," तो म्हणाला. "तू रवा मागितला, तर साखर, तूप, सगळं बांधून देते. तुले आठवण ठेवायची गरज नाही."

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

त्यानंतरही मी त्याच्याच प्रोग्रामवर काम करत राहिले. मग लॅपटॉपवर ऑपरेटिंग सिस्टमची नवी आवृत्ती आली आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्राम उघडेना. जुना पॅकेज मॅनेजरही नुसत्या चुका दाखवू लागला. मी पुण्याला फोन केला. भावाबरोबर काम करणारी एक मुलगी अधूनमधून आमची चौकशी करायची. ती म्हणाली, "ताई, आता त्या जुन्या मॅनेजरकडे कुणी लक्ष देत नाही. नवा पॅकेज मॅनेजर घ्या. पण आधी जुन्यातलं सगळं काढून टाका. दोन्ही एकत्र ठेवले की गोंधळ होतो."

दुपारी जेवणं झाल्यावर मी बसले. आई शेजारी येऊन टेकली.

"काय करून राहिली वं?"

"त्यानं टाकलेलं काढून राहिली."

आई पडद्याकडे बघू लागली. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण एकेक ओळ सरकत होती तशी ती विचारत होती, "हे काय होतं?" दोन-तीन मला सांगता आली. हे चित्रं उघडायचं, हे अक्षरांचं. एक बुद्धिबळाचा खेळ निघाला, तो त्याने कधी टाकला ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. बाकीची कशाला होती, हे मला माहीत नव्हतं. त्याला विचारायचं राहून गेलं होतं.

"मालूम नाही, तं काढतेस काहून?" आई म्हणाली.

"नवीन अन् जुनं एका जागी राहात नाही म्हणते ती."

"सवती आहेत काय?" आई म्हणाली, आणि हसायच्या ऐवजी तिने पदर तोंडाला लावला. मी थांबले. मग तीच म्हणाली, "काढ. अर्धवट नको ठेवू."

शेवटी जुन्याचा अख्खा फोल्डर गेला. नवा पॅकेज मॅनेजर पटकन बसला. मी मागितलेलं एकेक तो आणत गेला, जुन्यापेक्षा भराभर. फक्त भावाच्या प्रोग्रामला लागणारं एक जुनं पॅकेज त्याच्याकडे नव्हतं. प्रोग्रामची प्रत माझ्याजवळ होती, पण त्या पॅकेजशिवाय ती चालेना. पुण्याच्या मुलीने ती मागवून घेतली आणि दोन रविवार खटपट केली. मग तिचा फोन आला.

"ताई, त्याने काय विचार करून लिहिलंय ते मला कळतच नाहीये. त्यालाच विचारावं लागलं असतं."

 

आता मी नक्षीसाठी दुसराच एक प्रोग्राम वापरते. तो चांगला आहे, चुकत नाही. पहिली साडी मागावरून उतरली, तेव्हा बाबांनी काठावरून हात फिरवला, "बरी आली," म्हणाले आणि घडी घातली. भावाच्या प्रोग्रामचं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. आईनेच कधीतरी सांगितलं असेल.

लॅपटॉप ठीक चालतो. कोणतं पॅकेज कशासाठी आहे, असं कुणी विचारलं तर मला आता एकूण एक सांगता येईल. सगळी मीच टाकलेली आहेत.